आईच्या उपचारांचा निर्णय आईलाच घेऊ दे

लीड्स, इंग्लंड

तीर्थस्वरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास की आईला ‘स्तनात साधी गाठ आहे, काढून टाकायची’ एवढेच सांगितले आहे, कर्करोगाचे नाव तिच्यासमोर काढायचे नाही आणि संमतिपत्रावर सही तूच करणार आहेस. तिला धक्का बसू नये या काळजीपोटी तू हे ठरवलेस, हे मी जाणते; तरीही माझा त्याला विरोध आहे.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळे आई आजही स्वतः पाहते. अशा सज्ञान रुग्णाऐवजी मुलाची सही कायद्यालाही पुरेशी नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भुलेखाली असलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. जिवावरचा प्रसंग नसताना ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, असा तो निकाल आहे. आपली आई तर पूर्ण शुद्धीवर आहे.

डॉक्टरांनी संपूर्ण स्तन काढायला सांगितले आहे. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून नंतर रेडिएशन देणे हाही मार्ग असतो. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या शल्यचिकित्सकांनी दोन्ही उपचारांची तुलना केली, तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र त्याच स्तनात पुन्हा गाठ होण्याचा धोका थोडा अधिक राहतो. आईला हा मार्ग लागू पडतो का, काखेतल्या लसिकाग्रंथी किती काढणार आणि त्यामुळे हात सुजू शकतो का, हे सर्व तिच्या देखत विचारायला हवे.

कदाचित ती म्हणेल, ‘या वयात आठवडेच्या आठवडे रेडिएशनच्या खेपा मला नकोत, सगळे काढून टाका.’ मला त्याचे वाईट वाटेल, पण मी तिला एका शब्दाने अडवणार नाही. कदाचित असेही म्हणेल की मला तपशील नकोत, दादा ठरवेल ते मान्य. तेही मला चालेल, कारण तेही तिनेच ठरवलेले असेल. म्हणून आधी एवढेच विचार, की तिला किती जाणून घ्यायचे आहे. त्या वेळी वहिनी जवळ असू दे. आई तिच्याशी मोकळेपणाने बोलते.

दुसरे मत घ्यायला ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात जाता येईल. त्यासाठी बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे गाठीचे जपून ठेवलेले नमुने, आणि सोबतची कागदपत्रे मागून घे. रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे, तेव्हा मागायला संकोच नको. या तपासात काही दिवस गेले तर चालतील का, हेही आताच्या डॉक्टरांना स्पष्ट विचार.

रविवारी सकाळी मी फोन करेन. त्याआधी आईशी बोल, तोवर शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नकोस आणि बायॉप्सीच्या अहवालाच्या सर्व पानांचे फोटो मला पाठव.

तुझी धाकटी बहीण,
मनीषा