मोठा, पण अस्वलापेक्षा लहान

प्रिय मित्रा,

तुझा निरोप आला तेव्हा मी जमिनीवर उताणा पडून पाठ सरळ करत होतो. पाठ का धरली ते पुढे येईलच. 'दोन्ही पोरांना घेऊन थीम पार्कला जाऊन आलास म्हणे, कसं झालं? आम्हीही जावं म्हणतोय.' एवढंच तू विचारलंयस. फोनवर सांगायला घेतलं तर धाकटी फोन ओढणार आणि मोठा मध्येच 'मी सांगतो, मी सांगतो' करणार. म्हणून पोरं झोपल्यावर लिहायला बसलोय. लांबेल, तर वहिनींनाही वाचून दाखव.

आधी कबुली देतो. मी जय्यत तयारी केली होती आणि तीच नडली. पार्कचा नकाशा छापून घेतला, त्यावर लाल पेनाने एक ते अकरा आकडे टाकले. अकरा राइड, मध्ये जेवण, दुपारी बाहुल्यांचा खेळ, संध्याकाळची मिरवणूक आणि रात्री आतषबाजी. बायकोने कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि एकच विचारलं, "यात धाकटीची झोप कुठे आहे?" मी म्हणालो, "बाबागाडीत झोपेल की." हे वाक्य तुझ्याही तोंडून बाहेर पडेल. आत्ताच गिळून टाक.

दारातून आत जाताना ते फिरतं फाटक असतं ना, एकेका माणसाला आत सोडणारं? मोठ्याला वाटलं हीच पहिली राइड. तो पलीकडे गेला, मागे वळला आणि म्हणाला, "परत." मागे रांग खोळंबलेली. त्याला उचलून पुढे काढला तर भोकाड. पार्कमध्ये पाऊल टाकून मिनिट झालं नव्हतं आणि आमची पहिली राइड रडण्यात संपलीसुद्धा.

पण सकाळचा पहिला तास सोन्यासारखा गेला, हे मान्य करायला हवं. दारं उघडायच्या आधी अर्धा तास पोचलो होतो. सगळे मोठे लोक रोलर कोस्टरकडे धावत सुटले आणि मेरी-गो-राउंडवर आम्ही जवळजवळ एकटेच. तिथे एक गोष्ट कळली, तुला उपयोगी पडेल. सगळ्या घोड्यांना एका फेरीला वेळ सारखाच लागतो, पण बाहेरच्या रांगेला मोठं वर्तुळ कापायचं असतं, त्यामुळे बाहेरचा घोडा जास्त वेगाने पळतो. लहान पोरांसाठी आतल्या रांगेतला बघायचा, आणि शक्य तर वरखाली न होणारा. बहुतेक ठिकाणी एखादा बसका रथही असतो, तोही चालतो. मी धाकटीला आतल्या घोड्यावर बसवलं आणि एक हात तिच्या पाठीशी धरून उभा राहिलो. बायको खाली कठड्याशी. घोडे फिरले, आई दिसेनाशी झाली. धाकटीचा चेहरा पडला, ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात फेरी पूर्ण झाली आणि आई समोर! "आई आली!" परत आई गेली. परत आली. तिला घोड्याचं, गाण्याचं, दिव्यांचं काही नव्हतं. आई हरवते आणि सापडते, हा खेळ तिला मिळाला होता. सलग चार फेऱ्या केल्या आणि चारही वेळा तितकीच थक्क. नकाशावर या राइडला मी नंबरही दिला नव्हता.

आता अस्वलाची गोष्ट सांगतो.

मोठ्याला एक छोटी रोलर कोस्टर दिसली. डब्यांना सुरवंटाचं तोंड, चढ बेताचे, आत बसलेली पोरं हात वर करून किंचाळतायत. वीस मिनिटं रांगेत उभे राहिलो, आणि त्याने ती काढली रे, शहाण्यासारखी काढली. रांगेच्या टोकाला लाकडी अस्वल, एक हात आडवा धरलेला. त्या हाताखालून जो जाईल तो लहान. अस्वलाचा हात १०२ सेंटिमीटरवर आणि आमचं ध्यान शंभर. तिथल्या पोरीने त्याला अस्वलाशी उभा केला. त्याने हळूच टाचा उचलल्या. ती वाकून म्हणाली, "टाचा खाली, राजा." टाचा खाली आल्या. अस्वलाचा हात त्याच्या केसांवरून न टेकता निघून गेला.

आणि मी काय केलं? हुज्जत घातली. "दोनच सेंटिमीटर तर आहेत हो." ती नम्रपणे नाही म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. मागचे लोक बघायला लागले. शेवटी तिने रिकामा डबा दाखवला आणि मग मला कळलं. आडवा दांडा मांड्यांवर, कमरेशी घट्ट टेकला तरच माणूस जागेवर राहतो. शेजारी मी बसलो असतो तर दांडा माझ्या मांडीवर अडला असता आणि त्याच्या पुढ्यात वीतभर पोकळी उरली असती. त्यात या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची. शिवाय उंची हे अकलेचंही ढोबळ माप आहे. 'हात आत, पाठ टेकून बस' म्हटल्यावर पोर ऐकेल की नाही, याचं. १०२ ची रेघ बऱ्याच पार्कांत असते, मूळचे चाळीस इंच. साडेतीन वर्षांची पोरं शंभरच्या आसपासच असतात, म्हणजे नेमकी ज्यांना सगळं कळतं आणि सगळं हवं असतं तीच तिथे अडकतात. तेव्हा घरीच उंची मोज, पार्कच्या यादीशी ताडून बघ आणि जी राइड मिळणार नाही तिच्या बाजूने जाऊच नकोस. काही आईबाप बुटात जाड तळवे घालून आणतात म्हणे. तसलं काही करू नकोस.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. आम्ही त्याला घरी दिवसातून वीसदा सांगतो, तू मोठा ना? मोठा आहेस, गाडी तिला दे. मोठा आहेस, चालत चल. धाकटी आल्यापासून 'मोठा' हेच त्याचं नाव पडलंय. तो बिचारा ते खरं मानून गाड्या सोडतोय, कडेवरून उतरतोय. आणि त्या मोठेपणाचं काहीतरी मिळायची पहिली वेळ आली, तर लाकडी अस्वलाने सांगितलं की तू लहान आहेस. तो रडला नाही. अस्वलाकडे बघत राहिला. मग बाबागाडीपाशी गेला, धाकटीला म्हणाला, "ऊठ, मी लहान आहे," आणि आत चढून बसला. तिथून पुढे धाकटी माझ्या कडेवर. पाठीचं गुपित कळलं ना?

बाकीचं भराभर सांगतो. अंधाऱ्या राइडपासून जप. एक बोट बाहेरून फार गोड होती, आत शिरलो तर काळोख, धूर आणि कानठळ्या. मध्येच उतरता येत नाही, पाच मिनिटं दोघं माझ्या गळ्याला लटकलेली. आता मी कुठल्याही राइडच्या दारात तीन प्रश्न विचारतो: आत अंधार आहे का, मोठा आवाज होतो का, एकदम खाली पडते का. तिथली माणसं खरं सांगतात. तसंच ते मॅस्कॉट, प्राण्यांचे मोठाले मुखवटे घालून फिरणारी माणसं. मी धाकटीला थेट एका सहा फुटी सशाच्या मिठीत द्यायला गेलो. जरा तिच्या बाजूने विचार कर: डोकं टोपल्याएवढं, डोळे मिटत नाहीत, हसू हलत नाही आणि तोंडातून शब्द नाही. मीही किंचाळलो असतो. लांबून हात हलवायचा, पोर स्वतः पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. फोटोचा हट्ट करू नकोस. आमच्या फोटोत ससा हसतोय आणि धाकटी निळी पडलीय.

सकाळी आत शिरताना दोघांचा उभा फोटो काढून ठेवला होता, त्या दिवसाच्या कपड्यांत. हरवलंच तर 'अंगात काय होतं' हे घाबरलेल्या बापाला आठवत नाही. मनगटावर फोन नंबराची पट्टी बांधली आणि मोठ्याला तिथल्या माणसांचा गणवेश दाखवून ठेवला, आम्ही दिसेनासे झालो तर अशा कपड्यातल्या माणसाकडे जायचं. गरज पडली नाही, पण मन थाऱ्यावर राहिलं.

आणि हो, तुम्हा दोघांना एखादी मोठी राइड हवी असेल तर 'रायडर स्विच' आहे का ते दारातच विचार. कुठे त्याला 'चाइल्ड स्वॅप'ही म्हणतात. एकाने राइडला जायचं, दुसऱ्याने पोरं सांभाळायची आणि मग परत रांग न लावता अदलाबदल. मी गेलो, आलो, ठीक होतं. मग बायको गेली. तीन मिनिटांनी बाहेर आली तेव्हा केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी आणि हसू आवरेना. म्हणाली, "आत कुणी मला हाक मारत नव्हतं." धाकटी झाल्यापासूनच्या पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच ती अशी वेडीवाकडी हसत होती. ही एक गोष्ट अजिबात चुकवू नका.

बाराला सगळं कोसळलं. धाकटीच्या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तासांची झोप लागते, त्यातला दुपारचा हप्ता चुकला की व्याजासकट वसुली होते. बाबागाडीत मोठा ठाण मांडून, वरून ऊन, चहूकडून लाउडस्पीकर, धाकटी माझ्या खांद्यावर धनुष्यासारखी ताणलेली. आणि मी? नकाशा काढून बघत होतो. अकरांपैकी तीन झाल्या होत्या. तिकीट वसूल व्हायला हवं, हे डोक्यातून जाईना. मी मोठ्याला म्हणालो, "एवढ्या लांब आणलंय तुला, जरा तरी मजा कर!" चांगला ओरडून म्हणालो. ते वाक्य माझ्याच कानावर पडलं, आणि मी गपकन बाकावर बसलो.

तिथे एक गोष्ट आठवली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये एक मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना तिथे न्यायचा. मुली घोड्यांवर आणि हा बाकावर. आईबाप आणि पोरं मिळून मजा करतील अशी एखादी जागा असावी, हे त्या बाकावर सुचलं, असं तो सांगायचा. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. त्यालाही आता सत्तर वर्षं झाली, आणि बाप अजून बाकावरच! फक्त मला बसल्या बसल्या एकच कल्पना सुचली: घरी जाऊ. बायकोला सांगितलं तर ती आधीच पिशव्या गोळा करत होती.

दीडला आम्ही गाडीत होतो. पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत दोघंही गाढ. मिरवणूक नाही, आतषबाजी नाही. आणि खरं सांगू, आतषबाजी झाली असती तर धाकटीने आठवडाभर झोपू दिलं नसतं.

तर तू विचारतोयस जावं का. जा. तुझी लेक सव्वादोन वर्षांची, तिला तीन गोष्टी पुरेत. दार उघडताना आत आणि झोपेच्या वेळेआधी बाहेर, असा अर्ध्या दिवसाचा बेत कर. आतषबाजीच हवी असेल तर मध्ये परत येऊन झोप काढा आणि संध्याकाळी पुन्हा जा. बाहेर पडताना परत आत घेतील का तेवढं विचारून घे. नकाशा माझ्याकडून घेऊन जा हवा तर, पण लाल आकडे खोडून.

इकडे एक नवीनच सुरू झालंय. परवा मी सवयीने म्हणालो, "तू मोठा ना, तिला दे की चेंडू." तर म्हणाला, "मी अस्वलापेक्षा लहान आहे." काय बोलणार? चेंडू त्याच्याकडेच राहिला. आता रोज सकाळी दाराच्या चौकटीशी उभा राहून उंची मोजून घेतो. आज मी पेन्सिलीने खूण केली, शंभर आणि वर अर्धा. त्याने मान वर करून विचारलं, "अजून लहानच ना?" आहेस म्हणालो, तर दोन्ही हात वर केले, उचल म्हणून.

वहिनींना नमस्कार, लेकीला पापा. कधी जाताय ते कळव.

तुझाच,
पाठ धरलेला मित्र