मावशी, तुमचे तास मी मोजत होते

प्रिय मावशी,
सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही उठून चहा ठेवता. तीनदा झालंय तसं. आता तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, डोळ्यांनी वाचणं होत नाही, म्हणजे कुणीतरी हे वाचून दाखवणार आणि तुम्हाला बसून ऐकावं लागणार. नाव मुद्दामच घालत नाही. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना ते बरोबर कळेल.

२०१६ च्या पावसाळ्यात आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ह्यांची एमआयडीसीत फिरती पाळी, मुलगा शाळेत, दिवसभर घरात मी एकटी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मला तुम्ही शिकवलंत. जन्म दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेल्या तुम्ही. निवृत्त होऊनही आमच्या घरी रोज दुपारी दोनला यायचात आणि चारपर्यंत बसायचात. म्हणायचात, "जा, नीज जरा." मी दुसऱ्या खोलीत जायचे, पण नीट झोप लागायची नाही. डोक्यात हिशेब चालू असायचा.

आमच्या घरात आहेराची वही आहे. कुणी कोणत्या लग्नात किती घातले, कोणती साडी दिली, सगळं लिहिलेलं. परत करताना एक रुपया वर, पण कमी नाही. माहेरीही तेच, "कुणाचं फुकट घ्यायचं नाही." तुम्ही डब्यातून वरण, कधी मेथीचे पराठे आणायचात आणि मी तो डबा रिकामा कधीच परत केला नाही. काही नसलं तर साखर, अगदीच नसली तर मूठभर शेंगदाणे. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने तुमचे तास मांडत होते. पुढे कधीतरी फेडायचे म्हणून.

ते कॅलेंडर पान उलटताना तुमच्या हाती लागलं. मला वाटलं, तुम्ही हसाल. तुमचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "अगं पोरी, मी काय मजुरीवर येते का?" आणि मग, "उद्यापासून डबा रिकामाच दे." मला ते फार लागलं. रिकामा डबा देणं म्हणजे आपल्यात काय, हे तुम्हाला का मी सांगायला हवं?

त्या दुपारी मी झोपायला गेले नाही. तुम्ही आईंचे पाय चोळता चोळता तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पुण्याकडच्या केडगावला आणलेली आठ वर्षांची मुलगी. हाडांचा सापळा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात तिला कुणी विचारलं नाही की तू कुणाची, तुझ्याजवळ काय आहे. आधी भाकरी मिळाली, मग अक्षरं. पुढे तिथल्या छापखान्यात ती कागदांच्या घड्या घालायची. म्हातारपणीही ताटातला शेवटचा घास हातात धरून दोन क्षण बघत राहायची, हे सांगताना तुमचा हात आईंच्या पोटरीवर थांबला होता.

आणि रमाबाईंचंही तुम्हीच सांगितलंत. लहानपणापासून आईवडिलांबरोबर पायी तीर्थामागून तीर्थं पालथी घातलेली, दुष्काळात आईवडील गमावलेली ही विदुषी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं सगळं हातून होत असताना तारण, म्हणजे पापातून सुटका, हे कमवायचं नसतं, दान म्हणून घ्यायचं असतं, हे त्यांना उमगायला १८९१ साल उजाडलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे. तुम्ही म्हणालात, "त्यांना आठ वर्षं लागली. तुला लागू देत चार-दोन जास्त."

बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन मला शब्बाथशाळेपासून, म्हणजे लहानपणीच्या रविवारच्या बायबल-वर्गापासून, पाठ आहे. कृपेनं तारण, ते आपल्या हातून नाही, देवाचं दान. ते बिनचूक म्हणून दाखवल्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं. आणि चाळिशीला आलेली मी डब्यात साखर भरत बसले होते.

एवढ्यानं मी बदलले असं मात्र नाही. खरी वेळ आली पाटल्यांच्या दिवशी.

माझी धाकटी जाऊ पुण्याला. त्या दीड वर्षात ती चारदा आली असेल. पाचव्यांदा आली ती एक साडी घेऊन. आईंनी डाव्या हाताने तिचा गाल कुरवाळला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि खुणेनं कपाटातला डबा काढायला लावून पाटल्या काढल्या. एक तिला, एक मला. सारख्या. मावशी, त्या रात्री मी देवाशी भांडले. अंथरुणं मी धुतली होती.

दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे सगळं ओकले. तुम्ही मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली येशूची द्राक्षमळ्याची गोष्ट काढलीत. धनी उजाडताना मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. सहाला काम सुटतं. पाचला आलेल्यांना आधी बोलावून पूर्ण दिवसाची मजुरी देतो, आणि उन्हात राबलेल्यांनाही तेवढीच. मी ताडकन म्हणाले, "मला ही गोष्ट कधीच आवडली नाही. सकाळपासून राबलेल्यांचंच बरोबर आहे."

तुम्ही मला समजावलं नाहीत. "मलाही त्यांचंच पटायचं," म्हणालात. मग थोड्या वेळाने विचारलंत, "आपल्या चौकात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो ना? धडधाकट गडी आठलाच उचलले जातात. अकरा वाजता कोण उरतं, बघितलंस कधी?" मी बघितलं होतं. म्हातारे, लंगडत चालणारे, कडेवर लेकरू असलेल्या बाया. "मग संध्याकाळी पाचपर्यंत कोण उभं राहत असेल? त्यांना धन्यानं विचारलं, तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. घरी चूल तर त्यांचीही होती." एवढं बोलून तुम्ही आईंची उशी सारखी करायला उठलात.

मी हे मान्य केलं नाही तेव्हा. गप्प राहिले एवढंच.

२०१८ च्या जानेवारीत आई गेल्या. मातीहून परतल्यावर रात्री जाऊ स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मला कुणी कधी ये म्हटलंच नाही. मी यायचे तेव्हा तुम्ही सगळं इतकं नीट करत असायचात की कुठे हात लावू कळायचं नाही. वाटायचं, तुम्हाला मी नकोच आहे."

मावशी, माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दीड वर्ष मी तिच्या न आलेल्या दिवसांचा हिशेब ठेवला होता, पण एकदाही फोन करून "ये, मला जमत नाहीये" म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर माझं पारडं हलकं झालं असतं ना. त्या रात्री आम्ही दोघींनी आईंचं अंथरूण गुंडाळलं. तिनं पहिल्यांदा त्या चादरींना हात लावला आणि मी तो लावू दिला.

आता ती दर नाताळला येते आणि करंज्या बिघडवते. मी परत तळत नाही. मुलगा बारावीला एका विषयात राहिला, तेव्हा त्याच्या क्लासला किती पैसे भरले तो आकडा जिभेवर आला होता, पण गिळला. आहेराची वही अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण मागच्या मे महिन्यात शेजारच्या मुलीच्या लग्नात वही न उघडता आहेर केला. ह्यांनी परत परत विचारलं, त्यांनी आपल्याला किती दिले होते? मी सांगितलं, आठवत नाही. आणि खरंच आठवत नव्हतं.

चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पूर्वी मी ओंजळ पुढे करायचे तेव्हा मनात आठवड्याची कामं मांडलेली असायची, जणू हजेरी देते आहे. आता नुसती ओंजळ असते. हे शब्दांत नीट सांगता येत नाही मला, तुम्हाला कळेल.

तुमच्या लेकीचा दीर पुढच्या आठवड्यात नगरला येतोय. त्याच्या हातून तुमचा स्टीलचा डबा पाठवते आहे, तो झाकणाला पोचा आलेला. इतकी वर्षं माझ्याकडेच राहिला होता. घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवलाय. आत काही नाही.

तुमची,
दुपारी दोनची वाट बघणारी