कलेक्टरसाहेब, ‘सी’चा आकडाही लिहायला सांगा

मा. कलेक्टर महोदय, जिल्हा इंदूर यांस,
स.न.वि.वि.

देवउठनी ग्यारस झाली की मॅरिज गार्डनं उजळतील आणि मागोमाग तक्रारी सुरू होतील. पथक येईल, ध्वनिमापक धरेल, आकडा वाचेल. माझं म्हणणं त्या आकड्याबद्दल आहे. मी नाटकांची ध्वनिव्यवस्था बघणारा माणूस. डीजेवाल्यांशी वैर नाही, कित्येकदा स्पीकर त्यांच्याकडूनच भाड्यानं घेतो.

रात्री दहानंतर तर मोजायचीही गरज नाही. सवलतीचे दिवस सोडले तर उघड्यावरचा लाउडस्पीकर तेव्हा बंदच हवा. प्रश्न संध्याकाळचा आहे. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती ‘ए’ भारानं मोजायची; भार म्हणजे कुठला सूर किती धरायचा, हे ठरवणारी यंत्रातली गाळणी. हा भार लावला की यंत्र खर्जातले आवाज कमी धरतं, कारण हलक्या आवाजात आपला कानही खर्ज कमीच ऐकतो. पण किती कमी? ६३ हर्ट्झला, म्हणजे खोल खर्जाला, तब्बल २६ डेसिबल. त्या कंपनाचा ९० डेसिबलचा नुसता ठोका यंत्रावर ६४ दिसतो! कुजबुजीसाठी हा हिशेब ठीक आहे, सबवूफरला, म्हणजे नुसता खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरला, लावला की फसतो. त्यात भिंती वरचे सूर अडवतात आणि खर्ज सरळ घरात येतो. म्हणून रामबागेत एखाद्याच्या खिडकीची तावदानं थरथरत असतात आणि कागदावरचा आकडा मात्र सभ्य असतो.

यंत्रातला दुसरा, ‘सी’ भार तिथे एक डेसिबलही धड वजा करत नाही. चांगल्या ध्वनिमापकांत तो असतोच, फक्त निवडावा लागतो. कारवाई ‘ए’वरच होईल, होऊ दे. पण पंचनाम्यात दोन्ही आकडे हवेत. त्यांत १५-२० डेसिबलचं अंतर निघालं, तर त्रास खर्जाचा आहे हे उघड. मग ‘आवाज कमी करा’ असं मोघम न सांगता ‘सबवूफरचा आवाज उतरवा’ असं सांगता येतं. वरात नाचायची थांबत नाही, शेजारीही सुटतात.

दुसरं, मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीवर आहे, त्या क्षणी दिसलेल्या आकड्यावर नाही. पथकाची गाडी वळताच डीजेचा आवाज कसा आपोआप खाली येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. तेव्हा तक्रारदाराच्या घराशी, न सांगता, निदान दहा मिनिटं मोजणी चालू ठेवावी. आधी आणि नंतर कॅलिब्रेटरचा ९४ डेसिबलचा सूर देऊन यंत्र तपासावं, तेही लिहावं. मोबाइलमधलं ॲप तक्रारीपुरतं ठीक, पुरावा म्हणून नाही.

पथकाला हे शिकवायला एक दुपार पुरे. माझ्याकडे यंत्र आहे. आपण दिवस सांगा, मी घेऊन येतो.

आपला,
लोकमान्य नगरातला एक ध्वनितंत्रज्ञ