ठेवणीतली बाहुली मुलीच्या हाती कधी द्यावी?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की परदेशातून किंवा नुसत्या पुण्या-मुंबईहून नाशिकला येणाऱ्या आत्या-मावश्यांच्या सामानात एखादी महागडी बाहुली हमखास असते, आणि ती खोक्यातून बाहेर पडण्याआधीच घरात वाद उभा राहतो. आजीचे म्हणणे असते की आत्ताच दिली तर पोर चार दिवसांत तिची वाट लावील. आणणारीचा आग्रह असतो की माझ्यासमोर उघडा. आणि आई बिचारी दोघींच्या मध्ये सापडते. मेन रोडच्या परिसरात माझ्या यजमानांबरोबर मी अनेक वर्षे खेळण्यांचे दुकान सांभाळले. ‘ही केवढ्या मुलीला चालेल?’ हा प्रश्न गल्ल्यावर बसून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे सविस्तर उत्तर कधीतरी लिहावे असे मनात होतेच. आपल्या पत्राच्या स्तंभात त्याला जागा मिळावी, ही विनंती.

बहुतेक पालक खोक्यावर छापलेले वय पाहतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात. तो आकडा निरुपयोगी नाही, पण तो बराचसा सुरक्षिततेपुरता असतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग असू नयेत म्हणून सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात वस्तू टाकून पाहण्याची चाचणी असते. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते असे मानतात. बार्बीचा बूट, पर्स, कंगवा या सगळ्या वस्तू त्यात सहज मावतील. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते अवश्य पाहावे. ज्या बाहुलीवर ‘प्रौढ संग्राहकांसाठी’ असे लिहिलेले असते, ती मुलांची ओढाताण गृहीत धरून बनवलेली असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र खोक्यावरचा आकडा मुलीच्या घशाची काळजी घेतो. तिच्या स्वभावाविषयी तो काही सांगू शकत नाही. आठ वर्षांची एक मुलगी बाहुलीला केसांना धरून फरफटत नेते आणि सहा वर्षांची दुसरी तिच्या मानेखाली हात घालून उचलते, हे आम्ही दुकानात एकाच संध्याकाळी पाहत असू.

मग पाहायचे काय? माझे मत असे आहे की मुलीजवळ आज ज्या साध्या वस्तू आहेत, त्यांच्याकडे पाहावे. दुकानात मी एक सवयच लावून घेतली होती. महाग बाहुलीची चौकशी करणारी आई मुलीला घेऊन आली की नमुन्याची एक बाहुली मुलीच्या हाती द्यायची आणि आईशी बोलत राहायचे. काही मुली आधी कपडे ओढून काढतात. काही मुली झग्याच्या मागे बोटे फिरवून टिचबटण शोधतात, ते उघडतात, आणि मुख्य म्हणजे पुन्हा लावतात. एका मुलीने बाहुलीचा एक बूट खाली पडलेला पाहिला, काउंटरच्या आत वाकून तो उचलला, डावा की उजवा हे ताडून पाहिले आणि पायात बसेना तेव्हा दामटवण्याऐवजी माझ्याकडे आणून दिला. तिच्या आईला मी वय विचारलेसुद्धा नाही. घरीही हे ओळखता येते: भातुकलीचा सेट खेळून झाल्यावर पितळी चूल आणि बंब डब्यात परत जातात का, पुस्तकाची पाने मुडपलेली असतात का, आणि काही मोडले तर मुलगी ते लपवते की दाखवते. मला विचाराल तर शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. काळजी घेणाऱ्या मुलीकडूनही वस्तू मोडतेच, पण ती येऊन सांगते.

महालक्ष्म्यांच्या सणात घरची मुलगी मुखवट्यांना हात लावण्याइतकी मोठी केव्हा होते, हे आपण कधी जन्मतारखेवरून ठरवत नाही. एके वर्षी ती टाचण्या धरते, पुढे बांगड्या भरते, मग निऱ्या करते, आणि एखाद्या वर्षी मुखवटा आपसूक तिच्या हाती येतो. बाहुलीच्या बाबतीतही हीच चाल असावी.

आता आपल्या घरांतली एक खास अडचण, जी परदेशी खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. आपली मुलगी बाहुलीवर प्रेम करते म्हणजे तिचे सगळे साग्रसंगीत करते. खोबरेल तेल लावून वेणी घालते, कुंकू लावते, टिकली चिकटवते, मेंदी काढते, आणि बाहुला-बाहुलीच्या लग्नात हळद तर लावलीच पाहिजे. व्हिनाइलच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या, अंगात हळद अशी मुरते की ओल्या फडक्याने ती जात नाही. उन्हात ठेवल्यास डाग फिका होतो, पण त्याच उन्हाने बाहुलीचा रंग पिवळट पडतो आणि कपडे विटतात. कृत्रिम केसांना तेल लागले की ते चिकट होऊन धूळ धरतात. गडद रंगाचा कपडा महिनोन्‌महिने अंगावर राहिला तरी त्याचा रंग उतरून पाय निळे-काळे पडतात. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या बाहुल्यांपैकी निष्काळजीपणाने बिघडलेल्या थोड्या आणि मायेने बिघडलेल्या पुष्कळ, असाच अनुभव आहे. म्हणून महागडी बाहुली देण्यापूर्वी मुलीला एवढे समजते का ते पाहावे की हिला तेल-हळद चालत नाही, हिचे लाड निराळ्या रीतीने करायचे. ज्या वयात हे समजत नाही त्या वयात कापडी बाहुली किंवा लाकडाची ठकीच बरी. तिला हळद लावा नाहीतर न्हाऊ घाला.

न्यू जर्सीहून येणाऱ्या पाहुण्यांमुळे अमेरिकन गर्ल या बाहुल्या आता गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या घरांतही दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. प्लेझंट रोलंड या बाईंनी १९८६ साली त्या सुरू केल्या आणि १९९८ मध्ये ती कंपनी बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने घेतली. मुख्य बाहुली अठरा इंची, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरची असते, किंमत शंभर डॉलरांच्या वर जाते आणि ती आठ वर्षांपुढच्या मुलींसाठी म्हणून विकली जाते. या बाहुल्यांमागे गोष्टींची पुस्तके आहेत; सुरुवातीच्या तिघींपैकी एक १८५४ ची, एक १९०४ ची आणि एक १९४४ ची मुलगी होती. २०२३ साली कवी शर्मा नावाची भारतीय वंशाची बाहुली निघाली, आणि आपल्याकडच्या मावश्यांना साहजिकच तिचे अप्रूप वाटले. आता मुलीला गोष्ट वाचता येत नसेल आणि घरात कोणी वाचून सांगणार नसेल, तर एवढे पैसे केवळ चेहऱ्याचे आणि केसांचे मोजलेले असतात. शिवाय हिचे धड कापडी असते, त्यामुळे अंघोळ घालता येत नाही; मिटणाऱ्या डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नसते; केस तारेच्या ब्रशने टोकाकडून वर विंचरायचे असतात. हे तीन नियम मुलीला सांगावेत आणि आठ दिवसांनी तिलाच विचारावेत. ते तिला तिच्या शब्दांत सांगता आले तर बाहुली द्यायला हरकत नाही. आठ वर्षांहून लहान मुलींसाठी त्याच कंपनीच्या आकाराने छोट्या, अंगभर व्हिनाइलच्या निराळ्या बाहुल्या आहेत, हे आणणाऱ्यांना बऱ्याचदा ठाऊक नसते.

परीक्षेतल्या गुणांशी या बाहुलीची सांगड घालणे मला मुळीच पटत नाही. ‘नव्वद टक्के पडले म्हणून’ असे सांगत खरेदीला येणारे पालक खूप भेटले. गणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणजे वस्तू जपण्याची समज आली असे होत नाही, आणि पुढच्या सहामाहीत गुण घसरले की तीच बाहुली कपाटात बंद होते, हे तर फारच वाईट. वाढदिवस आला म्हणून घाई करण्याचेही कारण नाही. घरात रांगते भावंड असेल तर बाकीचे काहीही जुळले तरी थांबावे, किंवा बूट, पिना, दागिने असे बारीक सामान निराळ्या झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावे. (मुलगे बाहुली मागतात तेव्हा काउंटरवरच आई-वडिलांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत. त्यांनाही हेच सारे लागू आहे. वेगळे काही नाही.)

राहिला मोठ्यांचा प्रश्न, आणि खरी गोम इथेच आहे. पुष्कळ घरांत बाहुली मुलीच्या नावाने येते, खोक्यासकट शोकेसमध्ये चढते आणि पाहुणे आले की मुलीला सांगितले जाते, ‘दाखव बरं तुझी बाहुली, पण हात नको लावूस.’ केवळ पाहण्याच्या बाहुल्यांनाही मान आहे; दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिल्ले यांनी उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ पासून लोक काचेतूनच पाहत आले आहेत. आईला किंवा आत्याला स्वतःलाच बाहुली जमवण्याची हौस असेल, तर ती तिच्या स्वतःच्या नावाने घ्यावी, त्यात लाज कसली? पण दिली म्हणायचे आणि द्यायची नाही, हा व्यवहार मुलांना लगेच कळतो. माझी कसोटी सरळ आहे: उद्या या बाहुलीचा हात निखळला किंवा केस कापले गेले, तर आपण मुलीवर ओरडणार का, असे घरातल्या मोठ्यांनी आधी स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर मुलगी कितीही शहाणी असो, घर अजून तयार नाही. त्या किमतीचे नुकसान ज्यांना खरोखर सोसवणार नाही, त्यांनी कमी किमतीची घ्यावी.

याउलट फार थांबण्यातही तोटा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. सहावी-सातवीत गेल्यावर बऱ्याच मुलींचा बाहुलीतला जीव निघून जातो. ‘मोठी झालीस की देऊ’ म्हणून माळ्यावर ठेवलेला खोका तेव्हा उघडला, तर मुलगी उपचारापुरते हसते आणि मोबाइलकडे वळते. म्हणजे समज आलेली आहे आणि हौसही शिल्लक आहे असा काळ जेमतेम तीन-चार वर्षांचा असतो. त्यात द्यायची तर थोडा धोका पत्करावाच लागतो, आणि तो पत्करावा असेच मी म्हणेन.

परदेशातल्या नातलगांना माझी विनंती आहे की बाहुली घेण्याआधी मुलीच्या आईला एक फोन करावा, आणि आणलेली भेट मुलीच्या समोर अचानक काढू नये. आधी आईकडे द्यावी, म्हणजे केव्हा द्यायची ते तिला ठरवता येईल. नाशिकमधल्या माझ्या व्यवसायबंधूंनीही सीलबंद खोके दाखवून विक्री करण्यापेक्षा प्रत्येक महाग बाहुलीचा एक नमुना उघडून काउंटरवर ठेवावा. तो खराब होतो, त्याचा खर्च अंगावर पडतो, हे मला चांगले ठाऊक आहे. पण बाहुली मुलीच्या हातात गेल्याशिवाय तिच्या आईला जे पाहायचे असते ते दिसत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त खेळणी-विक्रेती, जुने नाशिक