749 चौरस फूट

प्रिय सुहास,

काका-काकूंसाठी मागच्या अंगणात एडीयू, म्हणजे मुख्य घराच्याच जागेवरचं छोटं दुसरं घर, बांधायचं नक्की केलंस, फार बरं वाटलं. तू पाठवलेलं एस्टिमेट रात्रीच वाचलं. सगळ्या फीज एकाच ओळीत कोंबलेल्या दिसल्या आणि राहवेना. कॉन्ट्रॅक्टरकडून आधी ती ओळ फोडून घे. परमिट आणि प्लॅन तपासणीचे किती, इम्पॅक्ट फी किती, पाणी-ड्रेनेज जोडणीचे किती, शाळेचे किती. प्रत्येकाचा नियम निराळा आहे.

इम्पॅक्ट फी म्हणजे नव्या घरामुळे रस्ते, बागा, अग्निशमन यांवर पडणाऱ्या भाराचे पैसे. 1978 च्या प्रपोझिशन 13 या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने प्रॉपर्टी टॅक्सला लगाम घातला, तेव्हापासून कॅलिफोर्नियातली शहरं आणि काउंट्या नव्या बांधकामांकडून जास्त वसुली करू लागल्या. आई-वडिलांना जवळ आणण्यासाठी बांधलेल्या दोन खोल्यांना अख्ख्या बंगल्याची फी लावणं मला कधीच पटलं नाही. 2020 पासून राज्याच्या कायद्याने ते थांबवलं: 750 चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर इम्पॅक्ट फी नाही, आणि त्यापुढे मूळ घराच्या प्रमाणात. तुझं घर 2,400 चं, प्लॅन 800 चा, म्हणजे एक तृतीयांश फी. 749 वर आणलास तर शून्य!

तुझा प्लॅन मी टेबलावर पसरून पेन्सिल घेऊन बसलो. बेडरूमबाहेरचा पॅसेज आखडला आणि वॉक-इन क्लोजेटऐवजी भिंतीतलं कपाट केलं, की 51 फूट निघतात. बाथरूमला मात्र हात लावू नकोस. काकूंचा वॉकर आत येऊन वळला पाहिजे.

पाण्याचं तसं नाही, आणि इथेच बरेच जण गाफील राहतात. जोडणीची आणि कपॅसिटीची (पाणी-ड्रेनेज यंत्रणेच्या क्षमतेतल्या वाट्याची) फी कायद्याने इम्पॅक्ट फीमध्ये धरलेली नाही, त्यामुळे 749 फुटांच्या स्वतंत्र बांधकामालाही ती लागू शकते. पण तीही प्रमाणातच, क्षेत्रफळावर किंवा बेसिन, शॉवर, कमोड, वॉशिंग मशीन यांच्या ड्रेनेज युनिट्सवर. नव्या बंगल्याची पूर्ण फी मांडली असेल, तर हिशेब लेखी माग. असलेल्या गॅरेजचंच एडीयू केलंस तर नवी जोडणी आणि तिची फी, दोन्ही मागता येत नाहीत. पण काकांना अंगणात उघडणारं दार हवंय, त्यामुळे मी तरी मागचंच घर बांधेन.

शाळेची फी, म्हणजे शाळांच्या इमारतींसाठी नव्या बांधकामावर लागणारी फी, 500 फुटांखाली नसते. तुला ती पडेल. 2024 मध्ये ठरलेला नेहमीचा कमाल दर चौरस फुटाला 5.17 डॉलर होता, त्या हिशेबाने 3,872 डॉलरच्या आसपास.

तुमच्याच एल डोराडो काउंटीतले जॉर्ज शीट्झ आठवतात का? स्वतःच्या जागेवर फॅक्टरीत बनवलेलं घर बसवताना त्यांना 23,420 डॉलर ट्रॅफिक फी लागली. त्यांनी निषेध नोंदवून ती भरली आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. एप्रिल 2024 मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की फी कायदा करून लावली म्हणून ती घटनात्मक कसोटीतून सुटत नाही. त्याने फी आपोआप रद्द झाली नाही, पण विचारणाऱ्याचं बळ वाढलं. तुझं काही पटलं नाही तर काम अडवू नकोस, लेखी निषेध नोंदवून पैसे भर. त्याला 90 दिवसांची मुदत असते.

पूर्ण अर्ज गेला की परमिट देणाऱ्यांना 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो, तेव्हा प्लॅन बदलायचा तो आत्ताच. फोडलेलं एस्टिमेट आलं की लगेच पाठव, शनिवारी फोनवर ओळ न ओळ बघू.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय