सुमे, आधी बारा महिने लिहून काढ

सांगली

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. दोन भरलेली क्रेडिट कार्डं, घराचं कर्ज, वसुलीचे फोन, सगळं वाचलं. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिलंस ते बरंच केलंस. घरात सगळ्यांच्या देखत कर्जाचं बोलणं होत नाही, आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये तर त्याहून नाही. मीही म्हणूनच सविस्तर लिहिते. रात्री सासूबाई झोपल्या की निवांत वाच.

'मलाच बहुतेक घर चालवता येत नाही,' असं तू लिहिलंयस. ते वाचून मला फार वाईट वाटलं. पहाटे उठून चौघांचे डबे, सासूबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम, थोरलीची दहावी, मग ऑफिस, येताना भाजी, हे सगळं करणारी बाई घर चालवत नाही तर काय करते? अडलंय ते दुसरीकडेच. तुमच्या घराचा सगळा हिशेब तुझ्या एकटीच्या डोक्यात आहे आणि कर्जांचा सगळा हिशेब भाऊजींच्या एकट्याच्या डोक्यात. दोन्ही हिशेब एका कागदावर कधी आलेच नाहीत.

आमचं तुला वरवर माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकात शिरलं, त्यात यांच्या दुकानातले पंखे, पाण्याच्या मोटारी, वायरची बंडलं, सगळं गेलं. नवा माल भरायला पतसंस्थेचं कर्ज काढलं, तोवर मार्च २०२० ची टाळेबंदी आली. जरा उभं राहतोय तोच जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी. तेवढ्या काळात क्रेडिट कार्डाची बाकी, व्यापाऱ्यांची उधारी, नणंदेचे उसने असं एकेक साचत गेलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही लहानपणापासून सांगितलंय गं, पण अंथरूणच वाहून गेल्यावर माणसाने काय पाहायचं? म्हणून कुणी कर्जबाजारी घराला उधळं म्हटलं की मला राग येतो. बहुतेक घरं उधळपट्टीने कर्जात जात नाहीत.

ती जातात कशाने, ते मला वही मांडल्यावर दिसलं. पुरासारखं एखादं संकट असतंच, पण त्यानंतर कर्ज वाढत राहतं ते दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या खर्चांमुळे. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची ज्वारी, गहू, तूरडाळ भरायची. मे महिन्यात चटणी-वाळवण आणि लग्नातले आहेर. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रिक्षावाल्या काकांचं आगाऊ भाडं. मग गणपती, दिवाळी, मधे विम्याचा हप्ता, घरपट्टी, गाडीचा विमा. यातलं एक तरी अचानक येतं का? जून दरवर्षी जूनमध्येच येतो. पण दर महिन्याचा हिशेब दूध, किराणा, वीजबिल, हप्ता एवढाच धरला जातो आणि या मोठ्या खर्चाला मग कार्ड पुढे होतं. तुमची जी दोन कार्डं भरलीत त्यांची जुनी स्टेटमेंटं काढून बघ, मोठ्या रकमा जून आणि ऑक्टोबरच्या आसपासच सापडतील असं मला वाटतं.

म्हणून पहिलं काम हे कर. वहीत बारा महिन्यांची बारा पानं घे आणि तुझ्या डोक्यातला सगळा खर्च त्या त्या महिन्यात उतरव. सासूबाईंच्या औषधांपासून भाच्याच्या मुंजीपर्यंत. सगळ्याची बेरीज करून बाराने भाग. आलेली रक्कम पगार झाला की वेगळ्या खात्यात गेली पाहिजे. आमचा तो आकडा पाहून हे गप्पच झाले होते. दुकानदार माणूस, रोजचा गल्ला मोजणारा, पण घराला वर्षाकाठी एवढं लागतं हे कुणी त्यांच्यापुढे मांडलंच नव्हतं. मी मग दुकानातूनच पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडे पैसे भरायची ठेव, सुरू करायला लावली. एजंट दुकानात येऊन पैसे नेतो, त्यामुळे ते घरी येऊन खर्च होत नाहीत. जूनची फी आता त्यातून जाते. तुमच्याकडे पगार आहे, तुला बँकेतलं आवर्ती ठेवीचं खातं पुरेल.

दुसऱ्या पानावर कर्जं. भाऊजींना सगळी आठवतील असं धरू नकोस, विचारताना त्यांना अवघडल्यासारखंही होईल. त्यापेक्षा दोघांचा क्रेडिट रिपोर्ट काढ. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात प्रत्येक कर्ज आणि कार्ड, किती बाकी, कुठला हप्ता चुकला, सगळं असतं. त्याखाली उसने पैसे आपल्या हाताने लिही. प्रत्येकासमोर व्याजाचा दर लिही आणि जास्त दरापासून कमी दरापर्यंत ओळीने लाव.

सगळ्यात वर कार्डच येणार. 'आम्ही दर महिन्याला वेळेवर किमान रक्कम भरतो' असं तू लिहिलंयस, म्हणून हा हिशेब करून दाखवते. समज ८०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज २,८००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५०४. तू किमान ५ टक्के, म्हणजे ४,००० भरलेस. त्यातून मुद्दल उतरलं फक्त ६९६ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा घेतल्या दिवसापासून व्याज चालू. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही. कार्डाला तसलं काही आडवं येत नाही. तेव्हा दोन्ही कार्डं आजच कपाटात ठेव, आणि बँकेला विचारून बाकी हप्त्यांत बदलून घेता येते का बघ, व्याज बरंच खाली येईल. 'सेटलमेंट करून टाका', म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम भरून खातं मिटवा, असं कुणी सुचवलं तर घाईने हो म्हणू नकोस. थोडे पैसे सुटतात, पण रिपोर्टवर तशी नोंद राहते आणि पुढे थोरलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली की ती आड येते.

आता सोन्याचं. हे मी जपून लिहिते, कारण आपल्या बायकांचं सोन्याशी नुसतं पैशाचं नातं नसतं. वही पूर्ण झाल्यावर मी हट्टाने सगळ्यांना एकत्र बसवलं होतं, मामंजी, सासूबाई, मुलंसुद्धा. यांना ते मुळीच पसंत नव्हतं, म्हाताऱ्यांना कशाला त्रास, असं त्यांचं म्हणणं. मी एकेक ओळ वाचून दाखवली. मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'माझी पेन्शन येते दर महिन्याला. मला कुणी विचारलंच नाही.' त्यांना कर्जाचं दुःख नव्हतं, वगळल्याचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आपल्या पाटल्या आणून माझ्या हातात ठेवल्या. मी घेईना. त्या म्हणाल्या, 'विकायला देत नाहीये, गहाण ठेवायला देतेय. सोडवून आणायच्या.'

आम्ही त्यावर बँकेतून सोनेतारण काढलं आणि कार्ड एका फटक्यात मिटवलं. वर्षाला ४२ टक्के जाणाऱ्या पैशाच्या जागी ९-१० टक्क्यांचं कर्ज आलं. दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवून मगच हे करावं. कार्ड पुन्हा भरू द्यायचं नाही, नाहीतर दोन कर्जं उरतात. आणि सोनेतारणाची मुदत साधारण वर्षाची असते, तोवर मुद्दल फेडायला पैसे कुठून येणार ते आधी वहीत दिसलं पाहिजे, कारण थकलं की नोटीस आणि मग लिलाव. आमची भिशी त्याच वर्षी लागणार होती, म्हणून मी धजले. पाटल्या सोडवून आणल्या तेव्हा सासूबाईंनी त्या लगेच हातात चढवल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस स्वयंपाक करतानाही काढल्या नाहीत. तुझ्या बांगड्या तू अशा ठेवाव्यास असं मी म्हणत नाही. तो निर्णय तुझाच, भाऊजींचाही नाही.

तुमच्या घराच्या कर्जाची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस: हप्ता तेवढाच आहे. तिथेच मेख आहे. तुम्ही २०२१ मध्ये घेतलंत तेव्हा दर ७ टक्क्यांच्या आसपास होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. २० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज धर. ७ टक्क्यांनी हप्ता बसतो १५,५०० च्या आसपास. दर ९ टक्के झाला की महिन्याचं नुसतं व्याजच १५,००० होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात जेमतेम ५०० रुपये, आणि कर्ज तीस वर्षांच्याही पार जातं. हप्ता बदलला नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने खालीही आला. तुमचं कर्ज बँकेचं नाही, गृहवित्त कंपनीचं आहे, तिथे रेपोशी बांधलेला दर सक्तीचा नाही, त्यामुळे आपोआप उतरला असेलच असं धरू नकोस. शनिवारी अर्धा दिवस काढून शाखेत जा आणि तीन गोष्टी लेखी माग: आजचा दर, उरलेली मुदत, आणि दर कमी करून घ्यायला किती फी पडेल. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जात मधे जादा पैसे भरले तर दंड लागत नाही. ९ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जात वर्षाला एक हप्ता जादा गेला तरी साधारण साडेतीन वर्षं वाचतात. पण ते कार्डं मिटल्यावर, आधी नाही.

आणि ते वसुलीचे फोन. तुझा आवाज कापत होता असं लिहिलंयस. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करायची परवानगी नाही, धमकी द्यायची तर मुळीच नाही. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेव, त्या कंपनीकडे लेखी तक्रार दे. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. आणि कुणी ओळखीचा सावकार सुचवला तर त्याच्याकडे परवाना आहे का ते सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. खरं तर टाकूच नकोस.

माझ्या नणंदेच्या उसन्या पैशांना व्याज नव्हतं म्हणून ते आमच्या यादीत सगळ्यात खाली होते. इथे मी हिशेब मोडला. दर महिन्याला थोडे का होईना, तिला देत राहिले. ती नको म्हणायची, तरी. नाहीतर राखीपौर्णिमेला ती घरी आली की यांची मान खाली जायची, ते मला पाहवत नव्हतं.

कर्ज फेडायच्या भरात सगळेच्या सगळे पैसे कर्जात घालू नकोस. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहू दे, नाहीतर कुणी आजारी पडलं की पुन्हा कार्डच बाहेर येईल. आणि तो बँकेत ठेव, पतसंस्थेत नको. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. माझी पिग्मी मी म्हणूनच दर वर्षी मोडून बँकेत टाकते.

दूध कमी करू, धाकट्याचा तबला बंद करू, असं जे तू लिहिलंयस ते करू नकोस. त्यातून महिन्याला हजार-दीड हजार वाचतील आणि घर उदास होईल. काटायचं तर मोठं काट. भाऊजींचा दिवाळीचा बोनस पूर्ण कार्डात जाऊ दे. तुझ्या नणंदेच्या लग्नाचं कर्ज पुढच्या वर्षी फिटतंय ना? त्या दिवसापासून तो हप्ता मोकळा झाला असं समजायचं नाही, तोच हप्ता पुढच्या कर्जाला लावायचा. सासूबाईंच्या औषधांचं डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून बघ, मामंजींच्या शुगरच्या गोळ्यांत आमचा चांगला फरक पडला.

थोरलीला मात्र सांग. दहावी आहे म्हणून लपवू नकोस, तिला कळलेलंच असतं. आमच्या लेकीने त्या दिवशी वही वाचून झाल्यावर शेवटच्या पानावर स्वतः तक्ता आखला होता, आणि एकेक कर्ज मिटलं की ती त्यावर तारीख लिहायची.

रिपोर्ट आणि शाखेतला कागद हातात आला की मला कळव. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा हेही मोकळे असतात. भाऊजींना त्यांच्याशी बोलायचं असेल तर ते बोलतील, पुरुष माणसाशी बोलणं त्यांना कदाचित सोपं जाईल. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन ये, वही बरोबर आण.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
वसू