रविवारची बैठक : परदेशी एमबीए

सभासदहो, रविवारी सकाळी १० वाजता अभ्यासिकेत जमायचं आहे. रत्नागिरीकरांनी वेळेवर यावं. लांजा-राजापूरच्या मुलांना एसटीमुळे उशीर झाला तर सवलत!

एमबीए पाच वर्षांनी करायचं असलं, तरी आखणी आत्ताच हवी. जीमॅटचा (एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) स्कोअर ५ वर्षं चालतो, त्यामुळे अभ्यासाची सवय आहे तोवर परीक्षा उरकलेली बरी. पासपोर्ट आधी काढा, परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच लागतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हार्वर्डच्या एमबीएचा ‘टू प्लस टू’ हा प्रवेशाचा मार्ग पाहावा : प्रवेश आधी, मग किमान २ वर्षं नोकरी.

येताना एक पान लिहून आणा : स्वतः पुढे होऊन काय केलंत? घरच्या ट्रॉलरच्या डिझेल-बर्फाचा हिशेब सांभाळत असाल तर तोच लिहा, आकड्यांसकट. नुसत्या मार्कांवर तिथे भागत नाही. आणि शिफारसपत्र आमदारांचं नको, ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांचं हवं.